हसण्यासाठी सोडलेली जागा

१

बातमी आली त्या रविवारी तो पियानोखाली आडवा पडला होता. उजवं पेडल दाबलं की कुईं असा आवाज यायला लागला होता, आणि मूकपटाच्या खेळात असला आवाज म्हणजे पंचाईत. पडद्यावर नवरी आरशात बघत असताना खालून उंदीर ओरडला की लोक भलत्याच ठिकाणी हसतात. म्हणून तेलाची कुपी घेऊन तो लवकर आला होता.

"मास्तर, बाळंतपण चाललंय का पियानोचं?" तिकीटवाल्या काकूंनी झाडू थांबवून विचारलं.

"अडलंय," तो खालूनच म्हणाला. "जरा टॉर्च धरता का?"

"मी तिकिटं फाडते. सुईणपण माझ्या कामात बसत नाही." असं म्हणत त्या वाकल्या आणि टॉर्च धरलाच.

थिएटर लहान होतं. इतर दिवशी तिथे चालू सिनेमे लागत, पण रविवारी दुपारी जुने मूकपट दाखवत आणि तो पडद्याखाली बसून, लोकांकडे पाठ करून, त्यांना साथ करत असे. त्या दिवशी लागणार होती ती लग्नाच्या फजितीची फिल्म. वर्षातून बऱ्याचदा लागायची आणि दर वेळी भरायची.

तेलाचे दोन थेंब पडले, कुईं थांबलं, आणि तेवढ्यात झाकणावर ठेवलेला फोन थरथरला. लाकडातून ती थरथर तारांत उतरली आणि सगळा पियानो अगदी हलक्या आवाजात घुमला. खाली पडल्या पडल्या त्याला तो आवाज छातीवर ऐकू आला.

फोन वहिनींचा होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसा. "हे उठतच नाहीयेत."

दादा, त्याचा थोरला भाऊ, बेकरीतली पहाटेची भट्टी उरकून घरी येई, दोन तास झोपे आणि रविवारी खेळाला येई. आज झोपला तो झोपलाच होता.

"मी निघालोच," तो म्हणाला. त्याने फोन खिशात घातला, तेलाचे हात फडक्याला पुसले. आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे आज दादा खेळाला येणार नाही.

विचाराला जोडून एक हलकेपणाही आला. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसा.

मग तो धावत सुटला. पण जे आधी येऊन गेलं होतं, ते गेलंच होतं.

२

त्या हलकेपणाचं कारण फिल्ममध्येच होतं.

नवरदेवाच्या हातून अंगठी निसटते, घरंगळत जाते, आणि एक बदक ती गिळतं. झालं. नवरदेव, त्याचा जाडा मामा, फोटोवाला, पोलीस, टोप्या सावरणारे यच्चयावत पाहुणे बदकामागे लागतात. कुणी शिडीवरून पडतं, कुणी चुन्याच्या बादलीत. केक पोलिसाच्या डोक्यावर बसतो. प्रत्येक आपटण्याला तो पायाने झांज वाजवायचा आणि लगेच हात उचलायचा. साथ करणाऱ्याचं अर्धं कौशल्य त्या हात उचलण्यात असतं. हसणाऱ्यांसाठी जागा सोडावी लागते. जागा सोडली नाही तर लोक हसू गिळतात, आणि गिळलेलं हसू पुढच्या विनोदाला बाहेर येत नाही.

या सगळ्या धावपळीत मध्येच एक दृश्य आहे. पाठलाग रस्त्याच्या वळणापलीकडे गेलेला असतो आणि नवरी इमारतीच्या पायऱ्यांवर एकटी बसलेली असते. बुटाची टाच मोडलीय, बूट हातात आहे. काही घडत नाही. ती बुटाकडे बघते, मग समोर बघते. मग बदक परत येतं आणि सगळी वरात तिला ओलांडून, तिच्या झग्यावर पाय देत, पुढे जाते.

तिथे सगळं सभागृह गप्प असायचं. आणि त्या शांततेत, मागच्या कोपऱ्यातल्या दाराजवळच्या खुर्चीतून, दादा हसायचा. हुक्, हुक्, हुक्, असं आत ओढलेलं, घशात अडकणारं हसू. पडलेल्या केकवर तो कधी हसला नाही. तेव्हा तो शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचा, "असा भाजतात होय केक? मध्ये कच्चा आहे तो." आणि जिथे कुणीच हसत नाही तिथे नेमका सुरू. लोक वळून बघत. बेकरीचा शर्ट, बुटांवर पीठ, अंगाला भाजलेल्या पावाचा वास. खेळ संपला की तो पुढे यायचा, सगळ्यांदेखत धाकट्याच्या खांद्यावर थाप मारायचा आणि काळ्या कोटावर पांढरा पंजा उमटायचा. तो कोट झटकायचा. दादा जाईपर्यंतही कधी कधी थांबायचा नाही.

त्या हसण्यावर त्याने उपाय शोधला होता. नवरी पायऱ्यांवर बसली की तो खर्जात दोन्ही हात आदळायचा. परत येणाऱ्या वरातीचा गडगडाट, पण जरा लवकर सुरू केलेला. दादा त्यात बुडून जायचा. पुढे एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, की नवरीच्या एकटेपणावर कोसळणारं ते वादळ म्हणजे या खेळाचा कळस आहे. नवीन येणारे त्या जागेची वाट बघू लागले. त्याने ते कौतुक घेतलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

३

सगळं उरकल्यावर तो पुन्हा कामावर गेला. त्याच्या जागी वाजवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि बोर्डावर पुन्हा तीच फिल्म होती.

"आणखी एक रविवार घरी बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही," काकू म्हणाल्या.

"घरी बसून काय करू?"

"तेही खरंच."

खेळ सुरळीत चालला. बोटांना सगळं पाठ होतं. शिडी, बादली, केक. तो झांज वाजवत होता, हात उचलत होता, पाठीमागे हशा फुटत होता, ओसरत होता. नवरी पायऱ्यांवर येऊन बसली. आता तिथे काही झाकायची गरज नव्हती. त्याने ठरवलं होतं की साधं, मधल्या पट्टीत, हळू वाजवायचं.

त्याने पहिला सूर लावला आणि मागच्या कोपऱ्यातून आवाज आला. हुक्. हुक्.

त्याचे हात त्याला न विचारताच खर्जात गेले. वादळ कोसळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

४

तो शिकलेला माणूस होता. माणूस गेला की काही दिवस त्याची चप्पल वाजते, दार वाजतं, हे त्याला माहीत होतं. सवयीचा कान असतो. इतक्या वर्षांच्या खेळांत त्या जागी तो आवाज यायचा, म्हणून कानाने तो स्वतःच भरला. पडलेल्या दातावर जीभ जाते तसं.

तरी त्याने फिल्म चालवणाऱ्या मशीनवाल्याला विचारलं.

"मला वर काय ऐकू येणार, मास्तर? मशीनची घरघर, आणि मध्ये काच. खाली लोक मेले तरी मला..." मशीनवाला एकदम थांबला. "माफ करा हं."

"असू दे."

मग त्याने काकूंना विचारलं. नवरीच्या जागी कुणी हसतं का?

काकूंनी तिकिटांची पुडकी बांधता बांधता त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही तिथे एवढं धडाधड वाजवता," त्या म्हणाल्या, "ऐकू यायला जागा ठेवता का कुणाला?"

लोक गेल्यावर तो सभागृहात एकटा फिरला. खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटायची. सगळ्या रांगा मिटलेल्या होत्या. मागच्या कोपऱ्यातली, दाराजवळची, तेवढी खाली होती.

स्प्रिंग गेली असेल. त्याने हाताने ती वर ढकलली. ती मिटली, आणि मिटलेलीच राहिली. स्प्रिंग चांगली होती.

पुढच्या वेळी ती फिल्म लागली तेव्हा आवाज मागून आला नाही. मधल्या रांगांतून आला. तो मान न वळवता वाजवत राहिला. लोकांकडे वळून बघायचं नाही हा या कामाचा पहिला धडा आहे. वळलात की पडद्यावरचं सुटतं, आणि सुटलेलं पुन्हा पकडता येत नाही. हा धडा त्या दिवशी त्याला फार उपयोगी पडला. नंतर त्याने मधल्या रांगा पाहिल्या. एक बैठक खाली होती. तिच्याजवळ उभं राहिल्यावर उबदार, किंचित करपट वास आला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी काहीतरी भाजत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दारं बंद होती.

त्यानंतरच्या खेळाला आवाज आणखी पुढे सरकला होता.

त्याने एका दुपारी मशीनवाल्याला गळ घातली आणि रिकाम्या सभागृहात फिल्म लावायला सांगितली. पियानोचं झाकण बंद ठेवलं आणि मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला. दादाच्या खुर्चीत. इतकी वर्षं ही फिल्म त्याने पडद्याच्या पायथ्यापासून, मान वर करून, तिरकी पाहिली होती. तिथून नवरीचा चेहरा लांबट, ताणलेला दिसायचा. इथून तो साध्या मुलीचा चेहरा होता, विशीतल्या.

ती बुटाकडे बघते. मग समोर बघते. नेमकं कुठे बघते ते त्याला कधी कळलं नव्हतं. ती या खुर्चीकडे बघत होती.

आवाज आला नाही. पूर्ण शांतता होती, आणि त्या शांततेत ती बघतच राहिली. हे दृश्य इतकं लांब आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. बदक येईपर्यंत त्याने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. त्याला वाटलं, आपण आत्ता काहीतरी वाजवायला हवं होतं. काहीही.

५

वहिनींकडे तो दादाचे बेकरीतले कपडे घेऊन गेला. मालकाने पिशवीत घालून दिले होते. वहिनींनी पिशवी उघडली, आतला वास घेतला आणि पुन्हा गाठ मारली.

"बसा ना. उभ्या उभ्या जायचं असतं का?"

तो बसला. घरात घड्याळसुद्धा वाजत नव्हतं.

"काकू भेटल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही विचारत होतात म्हणे, कुणी हसतं का म्हणून."

"तसं काही नाही. दादा तिथे हसायचा ना, नवरी एकटी बसते तिथे. सवय झालीय कानाला."

"हसायचे?" वहिनींनी मान वर केली. "तिथे? नाही हो."

"मला ऐकू यायचं, वहिनी."

"मी शेजारी बसायचे ना सुरुवातीला. रुमाल मीच द्यायचे." त्या पिशवीची गाठ चाचपत राहिल्या. "त्यांचं रडणं तसलंच होतं. मोठा माणूस, पण उचकी लागल्यासारखं करायचे. आई गेल्या तेव्हा तुम्ही परीक्षेला गेला होतात. तुम्ही कुठे ऐकलं असणार?"

तो त्या गाठीकडे बघत राहिला.

"मी एकदा विचारलं, अहो, हसायच्या सिनेमात काय रडता? तर म्हणाले, सगळे त्या बदकामागे धावतायत, तिच्याकडे कुणी बघतंय का? लग्न तिचं आहे ना." वहिनी थोडं हसल्या. "आणि म्हणाले, आमचा धाकटा तेवढा बघतो. बघ कसा जीव तोडून वाजवतो तिच्यासाठी. म्हणून तर यायचे दर वेळी. भट्टीवरून आले की डोळे उघडत नसत, तरी यायचे. त्यांना तुमचं तेवढंच वाजवणं कळायचं."

त्याने पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. तरी त्याने ओठांना लावला.

हे सांगायला हवं, असं त्याला वाटलं. मी तिच्यासाठी वाजवत नव्हतो, वहिनी. वाक्य तयार होतं. पण वहिनींच्या चेहऱ्यावर त्या आठवणीचा उजेड होता आणि तो विझवायला त्याचा हात उचलला गेला नाही. की धैर्य झालं नाही. घरी जाताना त्याला दोन्हींतला फरक करता आला नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या.

"भाऊजी, एक मागू? इथे मला काहीच ऐकू येत नाही. लोक म्हणतात चाहूल लागते, भास होतात. मला तेवढंही नाही. सगळं गप्प." त्यांनी चौकटीवर हात ठेवला. "तुम्हाला येतंय ऐकू. मी रविवारी येते. त्या जागी एकदाच हात थांबवाल? मला ऐकायचंय."

"भास आहे तो, वहिनी. माझ्या कानातला."

"असू दे. भास तर भास. थांबवाल ना?"

"थांबवीन," तो म्हणाला.

६

रविवारी वहिनी लवकर आल्या. काकूंनी त्यांचं तिकीट फाडलं नाही, नुसतं हातात दिलं. त्या मागच्या कोपऱ्यात, दादाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन, एखाद्या कार्यालयात नंबर लागायची वाट बघावी तशा समोर बघत राहिल्या.

पहिल्या रांगेत कधीच कुणी बसत नसे. मान दुखते. ती सगळी रांग मिटलेली होती. त्याने ती पियानोजवळ जाताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहून घेतली. बसण्याआधी नजरेनेच ती दाबून पाहिली म्हटलं तरी चालेल.

दिवे गेले.

शिडीला हशा आला, बादलीला आला. केकला तर लहान मुलं किंचाळली. त्या गोंगाटात त्याच्या अगदी पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, स्प्रिंग कुरकुरली आणि एक बैठक खाली गेली. जड माणूस बसतो तशी, हळूहळू.

उजव्या पेडलचा आवाज असेल. पण त्याचा पाय पेडलवर नव्हता.

मग वास आला. भाजलेल्या पिठाचा, आणि खाली घामाचा. लहानपणी दादा कामावरून आला की उशीजवळ यायचा तोच.

त्याने ठरवलेलं मनात पुन्हा म्हटलं. नवरी बसेल. मी हात उचलीन. वहिनी ऐकतील. पुढचं पुढे.

पाठलाग वळणापलीकडे गेला. नवरी पायऱ्यांवर येऊन बसली. ती बुटाकडे बघू लागली. शेवटचा सूर विरत होता आणि त्याला फक्त नवा लावायचा नव्हता. एवढंच काम होतं. सगळं सभागृह वादळाची वाट बघत होतं, आणि कोपऱ्यात एक बाई त्या शांततेची.

त्याच्या डोळ्यांसमोर पियानोची काळी, चकचकीत पाटी होती. पडद्यावरचा उजेड बदलला की तिच्यात पाठीमागचं थोडं थोडं दिसायचं. नवरीने मान वर केली आणि पडदा पांढरा झाला. पाटीत एक शर्ट दिसला. बटणांपासून खांद्यांपर्यंत, पाटी संपते तिथवर. रुंद खांदे, गदगद हलणारे. वर चेहरा असणार होता, पण तेवढी पाटी नव्हती. थोडं खाली सरकलं, मान जरा तिरकी केली, तर चेहरा दिसला असता. हसतोय की रडतोय ते दिसलं असतं.

पाटीतल्या माणसाने एक हात पुढे केला. पांढरा, पिठाने माखलेला. खांद्यावर थाप मारायला करतात तसा, कौतुकाने.

आत ओढलेला पहिला श्वास त्याच्या मानेला लागला.

आयुष्यात त्याने पियानो इतक्या जोरात कधी वाजवला नव्हता. खर्ज फुटेल असा वाजवला. झांजही बडवली, तिथे झांज नव्हती तरी. तो वाजवत राहिला, बदक आलं, वरात आली, झगा तुडवला गेला, आणि तरी तो त्याच जागेचे सूर बडवत होता. फिल्म पुढे निघून गेली. लोकांना ते फार आवडलं. उभं राहून टाळ्या पडल्या.

७

दिवे लागल्यावर त्याने कोट झटकला नाही. अंगातून काढलाही नाही. डाव्या खांद्याकडे न बघता तो मधल्या वाटेने दारापर्यंत गेला. पहिल्या रांगेकडेही त्याने पाहिलं नाही.

वहिनी उभ्या होत्या. पर्सचा पट्टा त्यांनी हाताला गुंडाळला होता.

"छान वाजवलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, मी..."

"असू दे. दमला असाल."

त्यांची नजर त्याच्या खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी हात वर केला, त्या जागेवर ठेवावा असा. मग तो तसाच मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

काकू पहिल्या रांगेपासून खुर्च्या बघत येत होत्या. पुढून त्यांचा आवाज आला, "अहो मास्तर, इथली एक मिटतच नाहीये."

वहिनी रस्त्याला लागल्या. त्या वळणापलीकडे जाईपर्यंत तो दारात उभा होता.

ऐकायला त्या आल्या होत्या. त्याने हात थांबवले नव्हते.